व्हिसासाठी चालतो तो कागद मुलीसाठी का चालत नाही?

अमेरिकेचा नागरिक असलेल्या मुलाशी मुलीचा निकाह ठरला की आपल्या जमातीत एक चमत्कार होतो. 'लग्नाची सरकारी नोंदणी म्हणजे शरियतमध्ये ढवळाढवळ' असं आयुष्यभर सांगत आलेली माणसं आठवड्याभरात विवाह नोंदणी कार्यालयाच्या रांगेत दिसतात. तीन साक्षीदार हजर असतात, काझीसाहेब स्वतः येऊन सही करतात, मुलीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, फोटो सगळं फाईलमध्ये तयार असतं. कुणाचाही दीन खतऱ्यात येत नाही.

गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या मुलींचे असे अर्ज भरून द्यायला मदत करते. पैसे घेत नाही, टोमणे मात्र मारते. त्यातलेच काही इथे लिहिते आहे.

नवरा नागरिक असेल तर बायकोच्या ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, सुरुवात त्याच्या अर्जाने होते. 'आय-१३०' हा तो अर्ज. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोट्याची रांग नसते, म्हणून अशा स्थळाला भाव. पण अमेरिका काय काय विचारते ते बघा. लग्न कायद्याने झाल्याचा सरकारी दाखला दाखवा. दोघांपैकी कुणाचंही आधी लग्न झालं असेल तर ते कायद्याने संपल्याचा पुरावा द्या. एक बायको असताना केलेलं दुसरं लग्न, ते केलं त्या देशात वैध असलं तरी, इथे धरलं जाणार नाही. अमेरिकेत राहून कुणी तोंडाने तलाक दिला, तर तेवढ्याने घटस्फोट होत नाही, कोर्टाचा हुकूम लागतो.

आणि फोनवरचा निकाह! मुलगा न्यू जर्सीत, मुलगी महाडात, मध्ये काझी आणि व्हिडिओ कॉल. तो जायज की नाजायज यावर आपल्याकडे रात्र रात्र वाद चालतो. अमेरिकेचा कायदा म्हणतो, वधू-वर एकमेकांसमोर हजर नसतील तर त्यानंतर प्रत्यक्ष पती-पत्नी म्हणून एकत्र येईपर्यंत आम्ही ते लग्न धरत नाही. वकिलाने हे सांगितलं की वाद मिटतो आणि मुलगा मुकाट्याने तिकीट काढून येतो.

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर गेल्या, तेव्हा त्या काय मागत होत्या? तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा. म्हणजे अमेरिकेचा व्हिसा अधिकारी आज आपल्याकडून खिडकीवर जे निमूट कबूल करून घेतो, जवळजवळ तेच. त्या सात जणींना आणि पुढे १९७० मध्ये निघालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या कार्यकर्त्यांना आपण काय काय म्हटलं, ते आठवून बघा. मागणी करणारी आपली बाई असली की ती इस्लामची दुश्मन आणि मागणी करणारा परका साहेब असला की 'क्या करें, कानून है'.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं. ज्या देशात राहायचं त्याचा कायदा पाळावा, असं दीनच सांगतो. बरोबर. मग हा देश कुणाचा आहे? सर्व लग्नांची नोंदणी व्हायला हवी, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आहे, निकाहानंतर ९० दिवसांत नोंद करायची असते. महाड ते न्यू जर्सी जाणाऱ्या मुलीला तो लागू आणि महाड ते पनवेल जाणाऱ्या मुलीला नाही, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.

दुसरं उत्तर मात्र मी टोमण्यावर नेत नाही. सरकारी कागदाची भीती खरी आहे. २०१९ नंतर 'कागद दाखवा' हे शब्द आपल्या घरांत कसे ऐकले गेले ते मला सांगायला नको. पण कागद नसल्याचा मार कुणाला बसतो? आसामच्या नागरिक नोंदणीत लग्न करून दुसऱ्या गावी गेलेल्या लाखो बायकांना माहेराशी नातं दाखवायला ग्रामपंचायतीच्या दाखल्याशिवाय काही नव्हतं. २०१७ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने तो दाखलाही रद्द ठरवला आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर परत मान्य केला. ते नऊ महिने त्या बायकांनी कसे काढले असतील? पुरुषाला असा प्रश्न क्वचितच पडतो, तो बापाच्याच घरी राहतो. कागदाची भीती असेल तर मुलीचा कागद आधी पक्का करायला हवा.

आपला कायदा पुरेसा आहे असंही मी म्हणत नाही. ठाण्यात एका माणसाने परदेशी स्त्रीशी तिसरा निकाह केला, महापालिकेने नोंद नाकारली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की १९९८ चा कायदा मुस्लिम पुरुषाला अशी नोंद करण्यापासून अडवत नाही. पहिली बायको असताना तिसरीचा हाच दाखला घेऊन तो अमेरिकेच्या खिडकीवर गेला असता, तर दारातूनच परतला असता.

आता अमेरिकेची आरती पुरे. तिथल्या कायद्यातही दोर नवऱ्याच्या हातात दिलेला आहे. अर्ज त्याचा, तो मंजुरीआधी मागे घेऊ शकतो. मुलगी तिथे उतरते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर तिला मिळतं दोन वर्षांचं सशर्त कार्ड. खोटी लग्नं रोखायला १९८६ मध्ये हा नियम आला. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अर्ज केला तर शर्त निघते. म्हणजे दोन वर्षं 'सही करणार नाही' हे वाक्य घरात टांगलेलं. (नागरिक मुलगी असेल आणि नवरा इथून गेला असेल तर दोर तिच्या हातात. तेही पाहिलं आहे, तेही छान नसतं.)

पण त्या दोराला गाठी आहेत, आणि मुलींना त्या कुणी सांगत नाही. लग्न खरं होतं आणि मोडलं, किंवा घरात मारहाण, छळ झाला, तर ती एकटी अर्ज करू शकते, नवऱ्याची सही लागत नाही. १९९४ च्या कायद्याने, अमेरिकेत छळ होणाऱ्या जोडीदाराला नवऱ्याला न कळवता कार्डासाठी स्वतःचा अर्ज करता येतो. नवऱ्याने 'आय-८६४' वर सही केलेली असते, त्यात तिला दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांइतका आधार देण्याची हमी असते. घटस्फोटाने ती हमी संपत नाही, तिच्यावर ती दावा लावू शकते. मेहेर पाच हजार लिहून घेणाऱ्या बापाला सांगा, जावयाने तिथल्या सरकारला तुमच्या मुलीबद्दल कितीतरी मोठा शब्द दिलाय. त्याची प्रत मागा.

कागदापुरतं लग्न लावून देतो म्हणणारा दलाल भेटला तर तिथूनच परत फिरा. खोटं लग्न उघडं पडलं की नंतर खऱ्या लग्नावरूनही कार्ड मिळायची वाट कायमची बंद होते.

तरुण मुलामुलींकडून मला भाषण नको, काम हवं आहे. अर्जाच्या, हमीपत्राच्या, निकाहनाम्याच्या प्रती मुलीच्या स्वतःच्या ईमेलमध्ये असू देत, सासऱ्यांच्या कपाटात नकोत. पासपोर्ट तिच्याच पर्समध्ये. मेहेर आकड्यात लिहा. तलाक-ए-तफवीजची अट, म्हणजे तलाकचा हक्क बायकोला सोपवण्याची, निकाहनाम्यात घालता येते. ती आपल्याच फिकहमधली आहे, अमेरिकेतून आलेली नाही.

शव्वाल लागला की निकाहांची गर्दी सुरू होईल. त्याआधी आपापल्या जमातीतून निकाहनाम्याचा कोरा नमुना मागून आणा आणि वराच्या आधीच्या लग्नाचा रकाना त्यात आहे का, ते बघा. आमच्याकडच्या नमुन्यात वधू कुमारी की घटस्फोटित, हे विचारलेलं आहे, वराला काहीच विचारलेलं नाही. मी तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला आहे, त्याची पोचपावती घेतली आहे.