तीस सेकंदांचा डॉक्टर

‘मुलाची उंची वाढत नाही, कोणती पावडर देऊ?’ हा प्रश्न सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमीचा आहे. दोन मुलांची आई घरातली अंडी कमी करून चारशे-पाचशे रुपयांचा डबा आणते, कारण तिने टीव्हीवर ‘डॉक्टर’ पाहिलेला असतो. ही जाहिरात बनते कशी, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही. कंपनी जाहिरात संस्थेला सांगते की आईच्या मनातल्या काळजीला हात घाला. मग गोष्ट लिहिली जाते. मागे पडलेला मुलगा दूध पितो आणि शर्यत जिंकतो. प्रत्येक दृश्याची चित्रे काढतात, मुले निवडतात. पांढरा कोट घातलेला माणूस बहुधा अभिनेता असतो. नोंदणीकृत डॉक्टरांना कोणत्याही व्यापारी मालाची शिफारस करायला 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेने मनाई केली आहे. दुधावरचा फेस दिव्यांच्या उष्णतेत टिकत नाही, म्हणून त्या जागी साबणाचा फेस ठेवण्याची युक्ती या धंद्यात जुनीच आहे. दिवसभराच्या चित्रीकरणातून तीस सेकंद उरतात, त्यावर संगीत चढते आणि मग वेगवेगळ्या भाषांत आवाज भरले जातात.

सगळ्यात शेवटी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ येते: ‘संतुलित आहार व व्यायामासोबत.’ खरे औषध तेच आहे. मुलाची वाढ आनुवंशिकता, पुरेसे अन्न, झोप, खेळ आणि आजारपण यांवर ठरते. काही लोकप्रिय पावडरींच्या डब्यावरच दर 100 ग्रॅममागे 30 ग्रॅमहून जास्त साखर छापलेली असते. 20 ग्रॅम पावडर दिवसातून दोनदा दिली, तर 12 ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तीन चमचे पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर मोठ्यांनीही शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवावी.

कायदा आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होतो, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. 2022च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. एप्रिल 2024मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. पण दंड होतो तो जाहिरात घरोघर पोचल्यावर. त्यापेक्षा एक साधा नियम करावा. दावा ज्या आवाजात केला, त्याच आवाजात तळाची ओळही वाचून दाखवावी.

तोवर आईने डब्याची मागची बाजू वाचावी. त्याच पैशांत महिनाभर अंडी, शेंगदाणे आणि फुटाणे येतात.