विश्लेषण : ‘कठीण’ व्हिडीओ गेम सर्वसामान्य खेळाडूंच्या आवाक्यात येत आहेत का?

दिवसभराची नोकरी, प्रवास आणि घरची कामे उरकल्यावर हाती उरतो तो जेमतेम तासभर. त्या तासात एकाच शत्रूकडून वीसदा हरायचे, याला करमणूक म्हणायचे की शिक्षा? तरीही गेल्या काही वर्षांत सर्वाधिक गाजलेल्या व्हिडीओ गेममध्ये अशाच खेळांचा भरणा आहे. ‘एल्डन रिंग’ या जपानी गेमच्या तीन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. डिसेंबर २०२५ मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात वर्षातील सर्वोत्कृष्ट गेमचा मान ‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्स्पिडिशन ३३’ या फ्रेंच रोल-प्लेइंग गेमला मिळाला. तोही अचूक वेळ साधण्याची परीक्षा पाहणारा, मात्र सोपी पातळी निवडण्याची मुभा देणारा. त्यामुळे हे खेळ मोजक्या कसलेल्या खेळाडूंसाठीच असावेत की फावल्या वेळात खेळणाऱ्यांसाठीही, हा जुना वाद नव्याने चर्चेत आहे.

रोल-प्लेइंग गेम म्हणजे काय?

रोल-प्लेइंग गेम किंवा ‘आरपीजी’ या प्रकाराचे मूळ १९७४ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळल्या जाणाऱ्या खेळात आहे. खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. लढाया आणि कामगिऱ्यांतून ते पात्र अनुभव कमावते, त्याची पातळी वाढते, ताकद, चपळाई, जादू यांपैकी काय वाढवायचे हे खेळाडू ठरवतो. संगणकावर हीच चौकट आली.

या खेळांतील काठिण्य दोन प्रकारचे असते. एक हाताचे, म्हणजे शत्रूचा वार चुकवण्यासाठी क्षणार्धात बटण दाबणे. दुसरे डोक्याचे, म्हणजे कोणते शस्त्र, कोणते कौशल्य, कोणता साथीदार निवडायचा याचे गणित. पहिल्या प्रकारात सराव कामी येतो, दुसऱ्यात माहिती. नवखा खेळाडू ‘मला जमत नाही’ म्हणून गेम सोडतो, तेव्हा अनेकदा त्याचे हात कमी पडलेले नसतात. गेमने न सांगितलेली माहिती त्याच्याकडे नसते.

‘कठीण’ खेळांचा प्रवाह कुठून आला?

२००९ मध्ये जपानच्या ‘फ्रॉमसॉफ्टवेअर’ कंपनीचा ‘डेमन्स सोल्स’ हा गेम प्लेस्टेशन ३ साठी आला. सोनीनेच जपानमध्ये तो प्रकाशित केला होता, पण जपानबाहेर तो चालेल असे सोनीला वाटले नाही. उत्तर अमेरिकेत तो ‘अ‍ॅटलस’ या दुसऱ्या कंपनीने आणला आणि खेळाडूंच्या तोंडी प्रसिद्धीवर तो चालला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी पुढे २०११ मध्ये ‘डार्क सोल्स’, २०१५ मध्ये ‘ब्लडबोर्न’ आणि २०१९ मध्ये ‘सेकिरो’ असे गेम दिले. २०१४ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले.

या गेमची नक्कल करणारे इतके खेळ आले की ‘सोल्सलाइक’ हा स्वतंत्र प्रकारच तयार झाला. त्याचे सूत्र ठरलेले. पात्र मेले की जवळ साठवलेले अनुभवगुण तिथेच पडतात. पुन्हा तिथवर पोहोचून ते उचलायचे. वाटेत पुन्हा मेल्यास ते कायमचे गेले. विश्रांतीच्या जागी थांबले की औषधाच्या कुप्या भरतात, पण मारलेले बहुतेक शत्रूही पुन्हा उभे राहतात. म्हणजे प्रत्येक पाऊल हा जोखमीचा हिशेब असतो.

नवख्याचे नेमके अडते कुठे?

पहिली अडचण माहितीची. ‘एल्डन रिंग’मध्ये सुरुवातीच्या मोकळ्या मैदानात पाऊल ठेवताच सोनेरी चिलखतातील एक घोडेस्वार दिसतो. समोर दिसला म्हणजे लढायचे, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याला वळसा घालून पुढे जाणे आणि ताकद वाढवून परत येणे हा तिथला धडा आहे, पण गेम तो शब्दांत सांगत नाही. नवखे खेळाडू आपले गुण वार वाढवण्यावर खर्च करतात, आयुष्य वाढवणाऱ्या ‘व्हिगर’कडे दुर्लक्ष करतात आणि मग दोन फटक्यांत गारद होतात.

दुसरी अडचण वेळेची. ‘एल्डन रिंग’चे मुख्य कथानक पूर्ण करायला साधारण ६० तास लागतात. रोज तासभर खेळणाऱ्याला दोन महिने. लढाई सुरू असताना फोन आला किंवा दाराची बेल वाजली, तर इतर गेमप्रमाणे खेळ थांबवण्याचे साधे बटण नाही. चार दिवस खंड पडला की बोटांची सवय मोडते आणि कुठे जायचे होते तेही आठवत नाही.

तिसरी अडचण मनाची. अर्धा तास खर्चून काही हाती लागले नाही, तर वेळ वाया गेल्याची भावना येते. नियमित खेळणाऱ्याला त्या अर्ध्या तासात शत्रूच्या तीन चाली कळलेल्या असतात. नवख्याला फक्त हरल्याची पाटी दिसते.

‘एल्डन रिंग’ने दार कसे उघडले?

फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या या गेममध्ये काठिण्यपातळी निवडण्याची सोय नाही. तरीही पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्या १ कोटी २० लाख प्रती गेल्या. याचे कारण त्याच्या रचनेत आहे. आधीच्या गेममध्ये एखाद्या बलाढ्य शत्रूपाशी अडले की वाट खुंटायची. इथे जग मोकळे आहे. एका किल्ल्याच्या दारात अडकलेला खेळाडू घोड्यावर बसून दुसऱ्या दिशेला जाऊ शकतो, गुहा धुंडाळू शकतो, पातळी वाढवून परतू शकतो.

शिवाय मदतीचे मार्ग अनेक आहेत. ‘स्पिरिट अ‍ॅशेस’ वापरून लढाईत भुतांचे साथीदार बोलावता येतात. शत्रूचे लक्ष विभागले गेले की खेळाडूला श्वास घ्यायला उसंत मिळते. जादू वापरून दुरून लढता येते. ऑनलाइन असलेल्या अन्य खेळाडूंनाही मदतीला बोलावता येते. ‘मलेनिया’ या सर्वांत अवघड मानल्या जाणाऱ्या शत्रूशी इतरांच्या वतीने एकट्याने लढणारा ‘लेट मी सोलो हर’ या टोपणनावाचा खेळाडू तर जगभर प्रसिद्ध झाला. प्रकाशक बंदाई नामकोने त्याला तलवार भेट दिली.

थोडक्यात, सोपी पातळी यादीत नाही, ती गेमच्या जगात विखुरलेली आहे. ती शोधण्याची तयारी असलेल्याला गेम सोपा होतो. ती आहे हेच ठाऊक नसलेल्याला मात्र तो अशक्य वाटतो. मदत घेऊन जिंकणे म्हणजे खरे जिंकणे नव्हे, असा काही जुन्या खेळाडूंचा सूर असतो. पण ही साधने निर्मात्यांनीच दिलेली आहेत, त्यामुळे ती वापरण्यात फसवणूक कसली, हा प्रश्न उरतोच.

काठिण्यपातळीचा वाद काय आहे?

२०१९ मध्ये ‘सेकिरो’ आला तेव्हा हा वाद पेटला. त्यात पातळी वाढवून ताकद मिळवण्याचा किंवा कोणाला मदतीला बोलावण्याचा मार्ग नव्हता. वार नेमक्या क्षणी अडवता आला तरच निभाव. मियाझाकी यांची भूमिका स्पष्ट आहे. अडथळा पार केल्याचे समाधान हा त्यांच्या गेमचा गाभा आहे आणि काठिण्य कमी केल्यास जास्त लोक खेळतील, पण तो गाभा हरवेल, असे त्यांनी २०२४ मधील मुलाखतीत मांडले. सर्वांना एकच अडथळा असला की त्याविषयी सर्वांना एकमेकांशी बोलता येते, हाही या बाजूचा युक्तिवाद.

दुसरी बाजू अपंग खेळाडूंची. ज्यांच्या हातांच्या हालचालींना मर्यादा आहेत, ज्यांना कमी दिसते वा ऐकू येते, त्यांच्यासाठी अडथळ्याची उंची मुळातच वेगळी असते. हाच अनुभव सर्वांना द्यायचा तर काहींना सवलत द्यावीच लागेल, असे ही मंडळी म्हणतात. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ या अवघड गेमने खेळाचा वेग कमी करण्याची सोय देऊनही आपली प्रतिष्ठा राखली. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मध्ये अशा साठहून अधिक सुविधा होत्या. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये, तर सोनीने २०२३ मध्ये अपंगांसाठी खास कंट्रोलर बाजारात आणले.

निर्मात्यांचीही भूमिका हळूहळू मवाळ होताना दिसते. जून २०२४ मध्ये ‘एल्डन रिंग’चे ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ हे विस्तारित प्रकरण आले. समीक्षकांनी डोक्यावर घेतले, पण स्टीमवर खेळाडूंचे शेरे संमिश्र होते आणि अति काठिण्य हे त्याचे एक कारण होते. काही दिवसांतच कंपनीने सुरुवातीच्या टप्प्यात ताकद अधिक वेगाने वाढेल असा बदल केला. दक्षिण कोरियाच्या ‘लाइज ऑफ पी’ या सोल्सलाइक गेममध्ये मूळ प्रकाशनानंतर जवळपास दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, काठिण्यपातळ्या देण्यात आल्या.

पर्याय देणाऱ्या गेमचा अनुभव काय सांगतो?

बेल्जियमच्या ‘लॅरियन’ कंपनीचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्यात लढाई पाळीपाळीने होते, त्यामुळे विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. नियम मात्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे, गुंतागुंतीचे. त्यात सोपी, मध्यम, अवघड अशा पातळ्या आहेत आणि खेळ सुरू असताना त्या बदलता येतात. एक पात्र मेले तरी साथीदार त्याला उठवू शकतात, हवे तेव्हा खेळ जतन करता येतो. पुढे त्याच गेममध्ये सर्वांत कठोर ‘ऑनर मोड’ही आला. म्हणजे सोपा पर्याय दिल्याने कसलेल्यांचे काही हिरावले गेले नाही.

‘एक्स्पिडिशन ३३’ने मधला मार्ग काढला. लढाई पाळीपाळीनेच, पण शत्रूचा वार येताना नेमक्या क्षणी बटण दाबून तो परतवायचा. ‘स्टोरी’ पातळीवर त्यासाठी मिळणारा अवधी मोठा असतो. आपले वार करताना लागणारी बटणांची कसरत आपोआप व्हावी, अशीही सोय आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या या गेमच्या तीन दिवसांत दहा लाख प्रती विकल्या गेल्या.

भारतीय खेळाडूंपुढे वेगळ्या अडचणी आहेत?

भारतात बहुतांश गेमिंग मोबाइलवर आणि मोफत मिळणाऱ्या खेळांचे. आरपीजीसाठी आधी यंत्रसामग्री लागते. ‘एल्डन रिंग’ला संगणकात किमान १२ जीबी रॅम आणि ६० जीबी जागा हवी, ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी. गेमच्या किमतीही हजारांत. म्हणून ‘जमले नाही तर काय’ ही भीती इथे थेट खिशाशी जोडलेली आहे. भाषेचाही अडसर आहे. ‘एल्डन रिंग’ डझनभर भाषांत उपलब्ध आहे, पण त्यात एकही भारतीय भाषा नाही. ज्या खेळात शस्त्राच्या वर्णनातून कथा आणि युक्ती दोन्ही उलगडतात, तिथे कच्चे इंग्रजी हेही एक काठिण्यच ठरते. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला साहसी गेम आणला होता. मात्र मोठ्या आवाक्याचा भारतीय आरपीजी अद्याप जगभर पोहोचलेला नाही.

एक गैरसमजही दूर व्हायला हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी घातली आहे ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर. एकदा विकत घेऊन खेळायच्या या गेमचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र हिंसा आणि प्रौढ आशयामुळे वर उल्लेखलेल्या तिन्ही मोठ्या आरपीजींना अमेरिकेत १७ वर्षांवरील वयोगटाचे मानांकन आहे, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

सुरुवात कशी करता येईल?

आपल्याला हाताचे काठिण्य जड जाते की डोक्याचे, हे आधी ओळखावे. चपळाई जमत नसेल तर पाळीपाळीने खेळायचा गेम सोपी पातळी ठेवून सुरू करणे बरे. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. तेवढ्या वेळात गेम आपल्या संगणकावर नीट चालतो का आणि तो आपल्या पिंडाचा आहे का, याचा अंदाज येतो.

‘सोल्सलाइक’ प्रकारात उतरायचे तर आयुष्य आधी वाढवावे, वार नंतर. एकाच ठिकाणी पाच-सहा वेळा हरल्यास दिशा बदलावी. अवघड लढाईपूर्वी साठवलेले गुण खर्च करून टाकावेत, म्हणजे हरण्याची भीती उरत नाही. गेम बंद करण्यापूर्वी पुढे काय करायचे होते, हे वहीत एका ओळीत लिहून ठेवावे. मार्गदर्शक व्हिडीओ पाहण्यात कमीपणा नाही. आणि एवढे करूनही मजा येत नसेल, तर गेम सोडून देणे हाही रास्त निर्णय आहे. तासभराच्या विरंगुळ्याचे ओझे होऊ नये. सोपा मार्ग द्यायचा की नाही हे निर्माता ठरवेल, पण दिवसाअखेरी उरलेला तास कशावर खर्च करायचा, हे मात्र खेळाडूच्याच हाती असते.