परदेशची सेवा आणि घरचें वाचन

पुढें तूं कोण होणार, हा प्रश्न शाळेंतील मुलास जितक्या वेळां विचारला जातो, तितक्या वेळां दुसरा कोणताहि विचारला जात नसेल. त्याचें उत्तरहि आतां ठरल्यासारखें झालें आहे. डॉक्टर, इंजिनियर, वकील हीं उत्तरें जुनीं झालीं. "परदेशीं जाणार" एवढें म्हटलें कीं विचारणाराचें समाधान होतें. मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या आम्हां मुलांच्या कानांवर मात्र रोज आणखी एक शब्द पडतो, तो म्हणजे सेवा. ज्यांनीं अशा शाळांचा पाया घातला, ते समुद्र ओलांडून सेवेसाठीं येथें आले, हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. तेव्हां परदेशगमन, सेवा, श्रद्धा आणि विद्या यांचा एकमेकांशीं संबंध काय, याचा विचार आम्हींच केला पाहिजे. आमचें वय लहान आणि वाचन थोडें. तरी या विषयावर आमचें जें मत बनलें आहे, तें आमच्या बंधुभगिनींपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

तें मत थोडक्यांत असें. सेवेचें मोल ती किती दूर जाऊन केली यावर ठरत नाहीं. ज्याची सेवा करावयाची, त्याची भाषा, त्याचे ग्रंथ आणि त्याचें दुःख समजून घेण्याची तयारी हें सेवेचें खरें भांडवल होय. आणि हें भांडवल जमविण्याची जागा शाळा व ग्रंथालय ही आहे.

उदाहरण शोधण्यासाठीं आम्हां रोहेकरांस फार लांब जावयास नको. फिलिपाइन्स देशांतून दिल्या जाणाऱ्या मॅगसेसे पुरस्काराचा संबंध आमच्या लहानशा गांवाशीं दोनदां आला आहे. १९५९ सालीं तो चिंतामणराव देशमुख यांस मिळाला, आणि १९९६ सालीं पांडुरंगशास्त्री आठवले यांस. चिंतामणरावांचा जन्म १८९६ सालीं महाडजवळील नाते येथें झाला. पण त्यांचें बालपण रोह्यांत गेलें. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेंत ते पहिले आले व संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. पुढें केंब्रिजला शिकून ते परतले, आणि १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. इतक्या मोठ्या कारभारांतहि कालिदासाचें 'मेघदूत' मराठींत आणण्यास त्यांस सवड झाली. विलायतेच्या विद्येनें घरची विद्या पुसली जात नाहीं, याचा हा चांगला दाखला आहे.

शास्त्रीजींचें चरित्र आमच्या विषयाशीं याहूनहि जवळचें आहे. १९ ऑक्टोबर १९२० रोजीं त्यांचा जन्म रोह्यासच झाला. त्यांच्या आजोबांनीं त्यांच्यासाठीं जुन्या तपोवनांच्या धर्तीवर येथें पाठशाळा चालविली. पुढें मुंबईस रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयांत त्यांनीं वर्षानुवर्षें वाचन केलें. संस्कृत विद्येंत वाढलेल्या या तरुणानें पाश्चात्त्य तत्त्वज्ञांचे ग्रंथहि तितक्याच आस्थेनें वाचले. १९५४ सालीं जपानांत भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेंत त्यांचें गीतेवरील विवेचन ऐकून लोक प्रभावित झाले. परंतु हे विचार प्रत्यक्ष जगणारा एकादा समाज तुमच्या देशांत आहे काय, असाहि प्रश्न तेथें निघाला. अमेरिकेस येऊन विचारप्रसार करण्याची सोय होत असतां ती न स्वीकारतां ते परत आले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. १९५६ सालीं ठाण्यास तत्त्वज्ञान विद्यापीठ निघालें. १९५८ पासून त्यांचे सहकारी सौराष्ट्रांतील खेड्यांतून भक्तिफेरीस जाऊं लागले. स्वतःची शिदोरी बरोबर घ्यावयाची, गांवाकडून कांहींहि घ्यावयाचें नाहीं, घरोघर जाऊन आपुलकीनें बोलावयाचें, असा तिचा नेम. पुढें शेतकऱ्यांनीं पाळीपाळीनें कांहीं दिवस देवाचें शेत कसावें, कोळ्यांनीं तसेंच देवाच्या नावेवर राबावें, आणि येणारें उत्पन्न कोणा एकाचें न समजतां गरजवंतास प्रसाद म्हणून पोंचवावें, असे प्रयोग उभे राहिले. १९९७ सालीं त्यांस टेंपलटन पुरस्कार मिळाला. जपानांत निघालेल्या प्रश्नाचें उत्तर सौराष्ट्राच्या शेतांतून आणि कोळीवाड्यांतून द्यावें लागलें, हें आम्हांस त्या पुरस्काराहून मोठें वाटतें.

त्यांच्या कार्यास 'स्वाध्याय' हें नांव आहे. हाच शब्द आमच्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक धड्याच्या शेवटीं छापलेला असतो. आणि आम्ही विद्यार्थी त्याचीं उत्तरें बाजारच्या मार्गदर्शकांतून उतरवून काढतों! स्वतः वाचावें, स्वतः विचार करावा, स्वतःस तपासावें, हा त्या शब्दाचा अर्थ. ज्या गांवानें त्या शब्दाला जगभर नेणारा पुरुष दिला, त्या गांवच्या मुलांनीं तरी त्याची लाज राखावयास हवी.

आतां परदेशांतून इकडे आलेल्यांकडे पाहूं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास उतरला आणि १६१९ सालीं मरेपर्यंत तेथेंच राहिला. त्यानें आपली शिकवण इंग्रजींत वा पोर्तुगीजांत सांगितली नाहीं. येथल्या संतकवींची ओवी आपलीशी करून अकरा हजारांच्या घरांत ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचलें. तें १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. चाळीस वर्षांच्या सेवेंतून आज मराठी माणसाच्या हातीं काय उरलें, तर त्याची भाषा शिकण्याचे कष्ट.

दुसरें उदाहरण आमच्या दाराशीं आहे. कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमी येथें बेने-इस्राएलांचें प्रार्थनामंदिर आहे. घाण्यावर तेल काढणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. रोहेकर, अष्टमकर, पेणकर हीं आडनांवें त्यांच्यांत आढळतात. शतकानुशतकें ते या किनाऱ्यावर नांदले. शब्बाथ, सुंता व थोडी प्रार्थना त्यांनीं राखली, पण हिब्रू भाषा त्यांस परकी झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकन मिशनच्या शाळांतून त्यांचीं मुलें शिकूं लागलीं. आणि स्कॉटलंडहून आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं त्यांच्यासाठीं हिब्रूचें व्याकरण मराठींत लिहून प्रसिद्ध केलें. मिशनऱ्यांस आशा होती कीं, वाचूं लागलेले हे लोक ख्रिस्ती होतील. झालें निराळेंच. ख्रिस्ती झालेले फार थोडे. बाकीच्यांस आपल्या पूर्वजांचा ग्रंथ हातीं आला आणि ते आपल्या धर्मांत अधिक जाणते झाले. त्यांच्यांतूनच जोसेफ यहेज्केल राजपूरकरांसारखे विद्वान् निघाले, ज्यांनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणिल्या. आणि हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८७५ सालीं मुंबईस आपल्या समाजासाठीं शाळा काढली. १९४८ नंतर यांपैकीं बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं, आणि तेथें गेल्यावर त्यांनीं 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक काढलें!

या हकीकतींत मिशनचा पराभव झाला, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यानें दुसऱ्यास वाचावयास शिकविलें, त्यानें त्यास स्वतंत्र केलें. वाचून तो कोणत्या निर्णयास येईल, हें शिकविणाराच्या हातीं राहत नाहीं, आणि राहूंहि नये.

येथें एका नाजुक प्रश्नास हात घातल्यावांचून चालणार नाहीं. सेवेच्या आडून धर्मांतर होतें, ही शंका आमच्या कित्येक पालकांच्या मनांत असते. ती आजची नव्हे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या व तेथें ख्रिस्ती झाल्या; १८८६ सालीं त्या अमेरिकेस पोंचल्या, तेथील स्नेह्यांचें साह्य मिळवून परतल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन उघडलें. सदन पुण्यास गेल्यावर, मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढलें जातें असा बोभाटा होऊन १८९३ सालीं सल्लागार मंडळानें अंग काढून घेतलें व पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली परत नेल्या. त्या पालकांची काळजी खोटी होती, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या हातांत पोरक्या मुलीचें अन्न आहे, त्याच्या शब्दाचें वजन तिच्यावर अधिक पडतें. म्हणून सेवकानें आपल्या श्रद्धेस सेवेची किंमत करूं नये, हें सर्व धर्मांच्या संस्थांस सारखेंच लागू आहे. पण याच रमाबाईंनीं पुढें दुष्काळांतून कित्येक मुली केडगांवास आणून जगविल्या, त्यांना हातास काम दिलें, छापखाना चालविण्यास शिकविलें. आणि स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. त्यांचें मत पटो वा न पटो, उतारवयांत दोन परक्या भाषा शिकणाऱ्या त्या विदुषीपुढें आम्हां विद्यार्थ्यांची मान लवलीच पाहिजे. श्रद्धा ही आळसाची सबब नव्हे, हें त्यांनीं दाखविलें.

श्रद्धेची खूण धर्माच्या नांवानेंच पटते असेंहि नाहीं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकांतून युद्धानें होरपळलेल्या चीनला गेले. चौघे परत आले. कोटणीस तेथेंच राहिले. त्यांनीं चिनी भाषा शिकून घेतली. जखमी सैनिकांवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या. १९४१ सालीं ते बेथ्यून यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं ते वारले, तेव्हां शस्त्रक्रियेवरील एक पाठ्यपुस्तक त्यांच्या हातून लिहिलें जात होतें. परदेशीं जाण्याचें हेंहि एक प्रयोजन असूं शकतें, हें आम्हीं ध्यानांत ठेवावें. जाऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. काय घेण्यासाठीं आणि काय देण्यासाठीं जातों, हें आधीं ठरवावें एवढेंच.

कोटणिसांची चिनी, स्टीफन्सची मराठी, विल्सनचें हिब्रू व्याकरण, रमाबाईंची ग्रीक, शास्त्रीजींचें ग्रंथालय, या सर्वांत एक धागा समान आहे. सेवेआधीं शिकणें आलें. आणि येथें आमच्या पालकांस एक नम्र विनंति करावीशी वाटते. परीक्षेबाहेरचें पुस्तक हातीं दिसलें कीं "अभ्यास सोडून हें काय?" असा प्रश्न घरोघर होतो. गुणांची चिंता आम्हांसहि आहे. शिष्यवृत्तीवांचून ज्यांचें शिक्षण थांबेल अशीं मुलें आमच्यांतच आहेत. तरी दिवसाचा एक तास निराळ्या वाचनास द्यावा. त्यांत आपल्या धर्माचा एक ग्रंथ असावा, आणि शेजाऱ्याच्या धर्माचाहि एक असावा. पहिल्यानें मुळें खोल जातील, दुसऱ्यानें शेजाऱ्याची भीति जाईल.

आणि विद्यार्थिबंधूंनो, तुम्हांस एक प्रश्न. रोह्याच्या भोंवतालच्या डोंगरांच्या पायथ्याशीं कातकरी आणि ठाकर बांधवांच्या वाड्या आहेत. पावसाळा सरला कीं कित्येक कातकरी कुटुंबें कोळसा पाडावयास वा वीटभट्टीवर कामास बाहेर जातात, आणि मुलांची शाळा तुटते. घरीं हीं मुलें जी बोली बोलतात, ती पुस्तकांतल्या मराठीहून वेगळी आहे. पहिल्या दिवशीं शाळेंत आलेल्या त्या मुलास आमचा वर्ग परदेशच वाटत असला पाहिजे. त्या बोलींतले दहा शब्द आपल्यापैकीं कितीकांस येतात? स्टीफन्स इंग्लंडाहून येऊन मराठी शिकला. आपणांस दोन कोसांवरची बोली शिकणें जड जावें काय?

म्हणून आमची सूचना अशी: येत्या वर्षीं वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं आठवड्यांतून एक संध्याकाळ जवळच्या वाडीवर द्यावी. तेथें उपदेश करावयाचा नाहीं, धर्म सांगावयाचा नाहीं. तेथील मुलांबरोबर बसून त्यांचा धडा वाचावयाचा, आणि त्यांच्याकडून त्यांची बोली शिकावयाची. पालकांनीं परवानगी द्यावी, गुरुजनांनीं वाट दाखवावी. यांतून पुढें कोणी चीनला जाईल, कोणी अमेरिकेस जाईल, कोणी येथेंच राहील. कोठेंहि गेला तरी, शिकल्यावांचून सेवा करावयास निघूं नये, एवढें त्यास पक्कें कळलेलें असेल.