आज्यांचा पहारा

ब्रिटनमधील मजूर पक्षाने 2024 च्या निवडणूक जाहीरनाम्यात फ्रॅकिंगवर कायमची बंदी घालण्याचे अभिवचन दिले आणि त्याच निवडणुकीत तो पक्ष सत्तारूढ झाला. दुसरीकडे रिफॉर्म पक्ष फ्रॅकिंगला पुन्हा मुभा देण्याची भाषा उघडपणे बोलतो. वाद संपलेला नाही, हे उघड आहे. पण खाजगी कंपन्या आणि मंत्री एका बाजूस असताना तो इथवर कोणी आणला, याचा शोध घेऊ गेल्यास लंडनमधील मंत्र्यांच्या दालनांत नव्हे, तर लँकेशायर परगण्यातील प्रेस्टन न्यू रोड नावाच्या एका रस्त्याच्या कडेला जावे लागते.

फ्रॅकिंग म्हणजे जमिनीच्या पोटात खोलवर असलेल्या शेल खडकात पाणी, वाळू आणि रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने घुसवून तो खडक तडकवणे आणि त्यात अडकलेला वायू वर आणणे. 2011 साली ब्लॅकपूलनजीक क्वाड्रिला कंपनीने हा प्रयोग केला, तेव्हा 2.3 प्रतीचा भूकंप झाला. तेथील नागरिक सावध झाले ते तेव्हापासून. पुढे याच कंपनीने प्रेस्टन न्यू रोड येथे परवानगी मागितली. लँकेशायर कौंटी कौन्सिलने जून 2015 मध्ये ती नाकारली. एवढ्यावर प्रकरण मिटावयास हवे होते. परंतु ऑक्टोबर 2016 मध्ये लंडनमधील मंत्रिमहोदयांनी स्थानिक प्रतिनिधींचा निर्णय फिरवला आणि जानेवारी 2017 मध्ये तेथे काम सुरू झाले.

सनदशीर मार्गाने मिळालेला नकार असा वरून पुसला गेल्यावर नागरिकांनी करावयाचे काय? लँकेशायरच्या स्त्रियांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या वागणुकीने दिले. डोक्याला रुमाल आणि अंगात पिवळे जाकीट अशा वेषात त्या फाटकासमोर उभ्या राहू लागल्या. स्वतःला त्यांनी नाव घेतले 'नाना', म्हणजे आजी. 2014 सालीच त्यांनी नियोजित जागेलगतचे शेत काही आठवडे व्यापले होते. त्याबद्दल कंपनीने त्यांच्यातील टीना रॉथरी यांच्यावर सुमारे 55 हजार पौंडांच्या खर्चाची मागणी लादली. त्यांनी पैसे भरण्याचे नाकारले, तुरुंगाची धमकी अंगावर घेतली आणि डिसेंबर 2016 मध्ये ते प्रकरण तुरुंगवासाविना मिटले. पुढे दर बुधवारी शुभ्र वस्त्रे नेसलेल्या स्त्रिया फाटकापर्यंत चालत जात आणि शांतपणे उभ्या राहत. ज्या मुलखातून मताधिकारवादी स्त्रियांची चळवळ उभी राहिली, त्या मुलखाला हे दृश्य अपरिचित नव्हते.

या स्त्रिया एका मताच्या होत्या असे मात्र कोणी समजू नये. फाइल्ड हा मतदारसंघ हुजूर पक्षाचा जुना बालेकिल्ला. तेथील पिढीजात मतदार, पर्यावरणवादी कार्यकर्त्या, परगावाहून आलेल्या पाहुण्या आणि कधी घोषणाही न दिलेल्या गृहिणी एकाच फाटकासमोर आल्या. एप्रिल 2016 मध्ये एमा थॉम्पसन ही नामांकित अभिनेत्री तेथे बहिणीसह आली आणि शेतात केक भाजण्याची स्पर्धा मांडून बसली. एकमत होते ते एकाच गोष्टीवर: ज्यांना या जमिनीवर राहावयाचे आहे, त्यांना विचारल्याशिवाय ती फोडता कामा नये. आमच्या मते हेच त्यांच्या ऐक्याचे मर्म आहे. सर्व प्रश्नांवर एकमत होईपर्यंत थांबणाऱ्या चळवळी बहुधा थांबूनच राहतात.

काहीजण म्हणतील, की या बायकांनी काय केले? बंदी आणली ती भूकंपाने. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये प्रत्यक्ष फ्रॅकिंग सुरू झाले, 26 ऑगस्ट 2019 रोजी 2.9 प्रतीचा धक्का बसला आणि 2 नोव्हेंबर 2019 रोजी सरकारने स्थगिती जाहीर केली. परंतु भूकंपाला मत नसते आणि त्याचा अर्थ लावणारा कोणीतरी जागा असावा लागतो. या स्त्रियांनी मिळवला तो वेळ, आणि त्या वेळात लोकांची नजर ढळू दिली नाही. 2022 साली वायूचे दर भडकताच लिझ ट्रस यांच्या सरकारने स्थगिती उठवली आणि काही आठवड्यांत ऋषी सुनक यांनी ती पुन्हा लागू केली. त्याच सुमारास क्वाड्रिलाचे संस्थापक ख्रिस कॉर्नेलियस यांनीच ब्रिटनची भूरचना या उद्योगास अनुकूल नाही, असे सांगून टाकले! 2019 च्या लेखापरीक्षण अहवालानुसार या खटाटोपापायी सार्वजनिक तिजोरीतून 2011 पासून किमान 3 कोटी 27 लाख पौंड गेले होते. त्यांपैकी 1 कोटी 34 लाख केवळ पोलीस बंदोबस्तावर. आजींना गप्प बसवणे स्वस्त नव्हते.

हा प्रश्न आपल्या दारापासून फार दूर आहे, असेही नाही. 2013 साली तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने शेल वायूसाठी विहीर खोदली ती बडोद्यानजीक जंबुसर येथे. तंत्र निराळे असले, तरी निर्णय वरून उतरण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. केरीच्या पठारावरील नायलॉन कारखान्याविरुद्ध फोंडा तालुक्यातील खेडी उभी राहिली, तेव्हा 1995 साली त्या लढ्याने पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गमावला. कारखाना मात्र गोव्यात उभा राहिला नाही. एप्रिल 2023 मध्ये राजापूर तालुक्यातील बारसूला मातीपरीक्षणाच्या यंत्रांची वाट अडवून स्त्रिया रस्त्यावर आडव्या झाल्या.

ऊर्जा लागते, रोजगार लागतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण राष्ट्रहित नावाची वस्तू राजधानीत तयार होऊन गावांना वाटली जात नसते. जेथे खणावयाचे तेथील पंचायतीचा नकार कागदावरच राहणार असेल, तर फाटकासमोर आजी उभी राहील हे राज्यकर्त्यांनी गृहीत धरावे. आणि तिला हटवण्यास किती पोलीस लागतील याचा हिशेब मांडण्याऐवजी, तिला तेथे यावे का लागले, याचा विचार करावा.