प्रवासाला न्यायचा कॅमेरा कसा निवडाल?

मैत्रिणींनो, माहेरच्या कपाटातला अगफा क्लिक थ्री आठवतो ना? त्यात 120 नंबरचा रुंद रोल बसायचा आणि चौकोनी बारा फोटो निघायचे. तो रोल आजही मिळतो. या रोलच्या कॅमेऱ्यांना मीडियम फॉरमॅट म्हणतात. मोबाईलवर ढीगभर फोटो काढून कंटाळलेल्या काहीजणींना आता सहलीला असा कॅमेरा न्यावासा वाटतो. हौस चांगली आहे, पण बहुतेक कॅमेरे जुनेच घ्यावे लागतात. तेव्हा जरा पारखून घ्या.

फायदा काय? नेहमीच्या 35 मिमी फिल्मवरच्या फोटोपेक्षा हा चौकोन साडेतीन पटींहून मोठा. म्हणून फोटो कितीही मोठा करून भिंतीवर लावा, देवळाच्या खांबावरचं कोरीवकाम स्पष्ट दिसतं.

पहिला प्रश्न वजनाचा. पेंटॅक्स 67 उत्तम, पण लेन्ससकट दोन किलोंच्या वर जातो. पाण्याची बाटली, औषधं, खाऊचा डबा सांभाळून तो कोण वागवणार? खोलीवर राहिलेला कॅमेरा कितीही भारी असला तरी काय कामाचा!

मग घडीचा कॅमेरा बरा वाटतो. तो पर्समध्ये मावतो. मीही तसाच एक जुना घेतला आणि आईला घेऊन बदामीला गेले. रोल धुऊन आला तर प्रत्येक फोटोवर पांढरा डाग! कॅमेऱ्याच्या भात्याला घडीवर बारीक छिद्रं होती. पायऱ्यांवर बसलेल्या आईच्या फोटोत तर डाग नेमका चेहऱ्यावर आला. आई आता नाही. म्हणून सांगते, पैसे देण्याआधी अंधाऱ्या खोलीत भाता उघडून आत बॅटरी लावा. एकही उजेडाचा ठिपका दिसला तर घेऊ नका. लेन्समधूनही बॅटरी पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. शटर एक सेकंदावर लावून ऐका. ते अडखळता कामा नये.

नवशिक्या भगिनींना मी दोन लेन्सचा कॅमेरा सुचवीन. याशिका मॅट 124 जी हा त्यातला भरवशाचा. तो 1970 ते 1986 या काळात निघत होता. वजन साधारण अकराशे ग्रॅम. वरून खाली बघत फोटो घ्यायचा असल्यामुळे समोरचा माणूस बुजत नाही. काचेत डावं-उजवं उलट दिसतं, पण दोन दिवसांत सवय होते. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातही याच जातीचा रोलिफ्लेक्स असे.

124 जीच्या मीटरला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. त्यासाठी अडून बसू नका. कॅमेरा बॅटरीशिवाय चालतो आणि उजेड मोजायला मोबाईलवरचं मीटर पुरतं.

थोडं आणखी लक्षात असू द्या. रोल कुठे धुऊन मिळेल याची चौकशी आधी करा. विमानाने जाताना रोल मोठ्या बॅगेत मुळीच टाकू नका. जवळ ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा, कारण क्ष-किरणांनी फिल्म खराब होऊ शकते. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

आणि निघण्यापूर्वी घरच्या अंगणात एक रोल काढून धुऊन आणाच. बारा फोटो वाया गेले म्हणून हळहळू नका. मी तो एक रोल वाचवला होता, त्याची हळहळ अजून वाटते.