रोग्यांच्या नोंदी आणि आमची बेपर्वाई

डोंबिवलीचा आमचा एक विद्यार्थी दर तीन आठवड्यांनीं वर्गांत गैरहजर असतो. त्याला थॅलसीमिया आहे; त्या दिवशीं तो रक्त चढवून घेण्यासाठीं मुंबईस जातो. गाडीच्या गर्दींत तो एक फाईल छातीशीं धरून उभा असतो. मध्यंतरीं त्यानें रुग्णालय बदललें व जुन्या ठिकाणीं दहा वर्षांचे कागद मागितले. उत्तर मिळालें कीं, ते रद्दींत गेले! शरीरांत लोह किती सांचलें, कोणतें औषध सोसलें, हें सर्व आतां त्याच्या आईच्या स्मरणावर अवलंबून आहे.

हें दुर्दैव एकट्याचें नव्हे. फाळणीनंतर कल्याणशेजारीं सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. या विकाराचे वाहक इतर समाजांतही आहेत. परंतु सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली इत्यादि समाजांत ते अधिक आढळतात. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव शेंकडा २५ असतो. तेव्हां ठाण्यापासून उल्हासनगरापर्यंतच्या या पट्ट्यांत रोगाचा अनुभव थोडा नाहीं. तो वेगवेगळ्या केसपेपरांत विखुरला आहे, इतकेंच.

आमचे कांहीं विद्वान् मित्र म्हणतात कीं, खरें शास्त्र नियंत्रित प्रयोगांतूनच निपजतें. रोजच्या उपचारांच्या कागदांत काय आहे? प्रयोगाचें महत्त्व आम्हीही मानतों. परंतु प्रयोग निवडक रोग्यांवर होतो व कांहीं काळानें संपतो; हा रोग जन्मभर पुरतो. १९५२ सालीं डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढें मांडला, तो कोणाचेंही रक्त न जुळणाऱ्या मोजक्या माणसांची नीट नोंद घेऊनच. दुसरें उदाहरण जादा लोह काढणाऱ्या डेफेरिप्रोन या गोळीचें. तिला भारतांत १९९४ च्या सुमारास परवानगी मिळाली, युरोपांत १९९९ सालीं आणि अमेरिकेंत २०११ सालीं. अमेरिकेनें ती देतांना आधार घेतला तो आधींच झालेल्या १२ अभ्यासांतील २३६ रोग्यांच्या एकत्रित नोंदींचा. आपलीं मुलें ती गोळी त्यापूर्वीं सुमारें सतरा वर्षें घेत होतीं. त्या सर्वांचा अनुभव एकाच वहींत असता, तर आज आमच्या डॉक्टरांना किती निश्चितपणें बोलतां आलें असतें!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नांव फुटलें तर मुलीचें लग्न कसें जमावें? हें भय खोटें नाहीं. त्याला हंसणारांनीं स्वतःला मुली आहेत असें समजून पाहावें. परंतु अभ्यासाला नांव लागतच नाहीं. नांवाच्या जागीं क्रमांक घालावा, रोग्याची संमति घ्यावी, संमति मागें घेण्याचा हक्क त्याच्याकडे ठेवावा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झालाच आहे. आज ती फाईल रद्दीवाल्याच्या हातीं पडते, तेव्हां कोणतें गुपित राखलें जातें?

तिसरा आक्षेप खर्चाचा. ब्रिटननें हिमोफिलियाच्या रोग्यांची राष्ट्रीय नोंद १९६८ पासून ठेवली आहे; तेव्हां आजच्यासारखे संगणक कोठें होते? उणीव पैशाची नसून सवयीची आहे.

आमची मागणी लहान आहे. ठाणें, कल्याण-डोंबिवली व उल्हासनगर येथील सरकारी व खासगी रुग्णालयांनीं आणि रक्तपेढ्यांनीं एकच नमुना मान्य करावा: रक्त चढविण्यापूर्वींचें हिमोग्लोबिन, दिलेल्या पिशव्या, फेरिटिन, औषध व त्याची मात्रा, झालेला त्रास. त्याची एक प्रत रोग्याच्या हातीं द्यावी. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा रोगी आहे त्यांनीं ही प्रत उद्यांच मागावी. ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनीं लग्नापूर्वीं मुलांची रक्ततपासणी करण्यास लाजूं नये. आमच्या विद्यार्थ्याचीं दहा वर्षें परत येणार नाहींत. त्याच्यामागून येणाऱ्या मुलांचीं तरी आपण रद्दींत घालूं नयेत.