परसातली कार्यशाळा : आधी खोली, मग यंत्र

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कारागिराला कच्च्या मालासाठी दूर जावे लागत नाही. बल्लारपूर-आलापल्लीचा साग देशभर जातो, बांबू तर दाराशीच आहे. हुनर घरात आहे, मेहनतीची तयारी आहे. नाही ती फक्त कामाची धड जागा. सुतार ओसरीत रंधा मारतो, बांबूवाला रस्त्याकडेला कामट्या काढतो, पाट्या रंगविणारा ओली पाटी खाटेवर वाळवतो. हातात चार पैसे आले की पहिली खरेदी होते ती यंत्राची. आमच्या मते येथेच क्रम चुकतो. पहिला खर्च खोलीवर व्हावा.

बाजारात गाळा घ्या, असे काही व्यापारी बांधव सांगतात. विक्रीसाठी ते ठीक आहे. पण भाड्याच्या गाळ्यात काम कमी असलेल्या महिन्यातही भाडे चुकत नाही. परसात १० फूट बाय १५ फूट जागा निघाली तर एका उस्तादाला आणि दोन शागिर्दांना ती पुरते, आणि घरच्या बायकांचा हातही कामाला लागतो. मात्र गिऱ्हाइकाची वाट गल्लीतून वेगळी ठेवावी. त्याला घरातून यावे लागले तर घरच्यांनाही अडचण आणि त्यालाही संकोच.

बांधण्यापूर्वी जमिनीवर फक्कीने खोली आखा. तिच्यात टेबल, घोडी, फळ्या मांडून आठ दिवस काम करून पाहा. बांबू २० फुटी असतो; १५ फुटी खोलीत तो फिरणार कसा? म्हणून बांबू चिरण्याचे काम बाहेरच्या लांब पडवीत ठेवावे. सागाची लांब फळी रंधायची तर समोरासमोर दोन दारे हवीत. हे कागदावर सुचत नाही, फक्कीवर लगेच कळते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जुलैत पावसाची झड लागते. नुसत्या टिनाखाली दुपारचे काम होत नाही. कवेलू घालावेत, किंवा टिनाखाली हातभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्याचे छत करावे आणि गरम हवा जायला वर झरोके ठेवावेत. भिंतीला औष्णिक केंद्राच्या राखेपासून केलेल्या विटा चालतात. पश्चिमेची भिंत बंद ठेवावी. मोठी खिडकी उत्तरेला हवी, कारण तो उजेड दिवसभर सारखा राहतो, रंग खरा दिसतो आणि हाताची सावली कोरीव कामावर पडत नाही. मात्र मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे सूर्य भर दुपारीही किंचित उत्तरेला असतो, म्हणून त्या खिडकीवरही छज्जा हवाच.

जोते दीड फूट उचलावे. माल जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून वीतभर दूर रचावा, म्हणजे ओल आणि वाळवी लवकर दिसते.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे भुसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक ठरविली. घासकाम उघड्या पडवीत, नाकाला मुसके बांधून करावे. पॉलिश आणि थिनर कार्यशाळेपासून वेगळ्या जागी ठेवावे. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठी आग लागली. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, मग आपल्या परसात वाळूची बादली आणि पाण्याचा नळ नसेल तर काय होईल?

परवानगीची बाबही आधीच पाहावी. ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेत बांधकामाची आणि वीज कार्यालयात मीटरची चौकशी करावी. बँडसॉ किंवा मोठी गोल करवत बसविण्यापूर्वी वनविभागात विचारावे. सागाच्या प्रत्येक फळीची पावती जपावी. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढलेला बांबू कायद्याच्या भाषेत झाड राहिला नाही, पण जंगलातल्या बांबूला ती सवलत नाही. शेजाऱ्यालाही विश्वासात घ्यावे. करवतीचा आवाज कोणत्या वेळी बंद राहील हे आधी ठरले तर पुढची भांडणे टळतात.

पैसा सारा खोलीत गेला तर अवजारांचे काय? केंद्राची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आणि टोपल्या-चटया विणणारे आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत कर्जाहून वेगळी आहे; व्याजाचे कर्ज नको असेल त्यानेही तिची चौकशी करावी.

यंत्र जुने झाले की विकता येते, बदलता येते. चुकीची बांधलेली खोली मात्र वर्षानुवर्षे कारागिराचे डोळे, छाती आणि दुपारचे तास खात राहते. मग मुलगा बापाकडे पाहून ठरवतो की हे काम आपल्याला नको. हुनर पुढच्या पिढीकडे जावे असे वाटत असेल, तर जेथे मुलाला बसावेसे वाटेल अशी जागा आधी उभी करा. रोजीची बरकत तेथूनच सुरू होते.